चढावरचं फाटक

जूनमध्ये, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, समुद्रावरून पहिलं वादळ आत आलं तेव्हा व्हर्ना स्कोबीने पहिलं काम केलं ते रेडिओ बंद करण्याचं. ‘केल्सी नदीच्या सखल भागातल्या रहिवाशांनी सावध राहावं,’ असं रेडिओवरची पोरगी गोड आवाजात सांगत होती. सगळा जन्म याच नदीच्या काठी काढलेल्या बाईला सावध राहायला सांगणार कोण, तर तिकडे सिडनीत हीटरसमोर पाय पसरून बसलेली, शेणात कधी पाय न बुडालेली पोरगी! व्हर्नाने तिला दोन शेलक्या शिव्या हासडल्या आणि चहाला आधण ठेवलं.

हिवाळ्यात नदी घरात येणं हे इथल्या लोकांच्या पाचवीलाच पुजलेलं. सोफा टेबलावर चढवायचा, फ्रीजखाली विटा सरकवायच्या, गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकायचा आणि पाणी ओसरलं की होजपाइपने घर धुऊन काढायचं. यात रडण्यासारखं काय आहे, हे व्हर्नाला कधी कळलं नाही. पाऊस लागला की गाडीत गाद्या भरून शहरातल्या मुलीकडे पळणारे लोक तिच्या खिजगणतीत नव्हते. वाळूच्या पिशव्या दाराशी रचणाऱ्यांना ती तोंडावर हसायची. आणि होडीतून फिरून ‘आजी, चला’ म्हणणाऱ्या नारिंगी कपड्यांतल्या स्वयंसेवकांना तिने मागच्या पुरात पायऱ्यांवरूनच हाकललं होतं. ‘आजी असेल तुझ्या घरी,’ एवढंच म्हणाली होती.

माणसं घरात कशीही राहतील. प्रश्न असायचा तो गुरांचा.

सबंध सखल भागात उंच जागा एकच. व्हर्नाच्या गोठ्यामागून दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण घातलेली गुरांची वाट निघायची, मध्ये एका खोलगट जागेत उतरायची आणि पुन्हा चढून टेकडीच्या फाटकाशी संपायची. टेकडी पिढ्यान्‌पिढ्या हॅलम घराण्याची. पुलाच्या खांबावरचा पांढरा पट्टा बुडाला की हॅलम फाटक उघडं टाकणार आणि खालची गुरं वर जाणार, हा इथला कायदा होता. त्यात विचारणं नव्हतं. ‘फाटक उघडाल का?’ असं कोणी विचारलंच, तर वरचा म्हणणार, ‘म्हणजे मी उघडणार नाही असं वाटलं तुला?’ आणि तो अपमान मग दोन पिढ्या पुरायचा. आभार मानणंही नव्हतं. पूर ओसरला की खालच्यांनी वर जाऊन मोडलेलं कुंपण मुकाट्याने नीट करायचं, की झाली फिटंफाट.

मागच्या उन्हाळ्यात म्हातारा हॅलम गेला आणि त्याच्या पोरांनी टेकडी विकली. घेणाऱ्याचं नाव डेस्मंड क्विल्टी. सिडनीत आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला गडी. बायको पॅम बहुतेक वेळ तिकडे लेकीच्या बाळंतपणात, आणि हा इथे एकटा, अल्पाका पाळत. अल्पाका! दूध देत नाही, नांगर ओढत नाही, रागावली की थुंकते, अशी मेंढी आणि उंट यांच्या मधली काहीतरी भानगड. त्यांची नावं मार्मलेड आणि नटमेग, आणखी दोघांची व्हर्नाने लक्षात ठेवली नव्हती. रानटी कुत्री येतात म्हणून त्याने टेकडीभोवती माणसाच्या डोक्याइतकी उंच, बारीक जाळी लावली आणि फाटकाला चकचकीत साखळी.

त्यावर कळस म्हणजे त्याचं हात हलवणं. इथल्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. एकच. मित्राला, शत्रूला, दिवाणी दावा चालू असलेल्या चुलतभावालाही. बोट उचललं नाही म्हणजे तो माणूस तुमच्या लेखी मेला. डेस्मंड मात्र सहलीला निघालेल्या शाळकरी पोरासारखा सगळा पंजा काचेला लावून हलवायचा, वर दात काढायचा. व्हर्नाने त्याच्यासाठी एकदाही बोट उचललं नव्हतं.

टेकडी नव्या माणसाकडे गेली की खालच्यांपैकी कोणीतरी केक घेऊन वर जायचं, चहा प्यायचा आणि बोलता बोलता फाटकाचं सांगून टाकायचं, हीही रीत होती. व्हर्नाचं कुंपण टेकडीला लागून, तेव्हा ते काम तिचं. तिने बेदाणे ब्रँडीत भिजवून चांगला गच्च केक केला, पत्र्याच्या डब्यात घातला, डबा मांडीवर घेतला आणि गाडी काढली. फाटकाशी येऊन बघते तर डेस्मंड गवतात गुडघे टेकून बसलेला, आणि एका अल्पाकाच्या पोटाखाली लाल कोटाची बटणं लावतोय.

“थंडी वाजते का माझ्या नटमेगला? वाजते ना? झालं हं, झालं!”

चारही अल्पाकांच्या अंगात कोट होते. व्हर्नाच्या गाई उभा हिवाळा उघड्यावर काढत होत्या आणि गाभण राहून वर दूधही देत होत्या. तिला त्या माणसाची अशी किळस आली, की गाडीचं इंजिन बंद करायलाही हात पुढे होईना. तेवढ्यात डेस्मंडने वर पाहिलं, सगळा पंजा हलवला आणि उठून तुरुतुरु घरात निघून गेला.

“बघा! पाहुणं दारात आणि हा घरात पळतोय,” व्हर्ना डब्याला म्हणाली. गाडी वळवून ती घरी आली आणि तो केक पुढचे बरेच दिवस एकटीने खाल्ला.

एकटीने म्हणजे एक तुकडा सोडून. तो नेव्हिल प्राउसने खाल्ला. नेव्हिलचा गोठा व्हर्नाच्या गोठ्याच्या खाली, नदीच्या अंगाला. त्याची गुरं टेकडीवर न्यायची तर तिच्याच वाटेने, तिच्या गुरांच्या मागून. दोघांची मैत्री शाळेपासूनची, आणि व्हर्ना ज्याच्याबद्दल वाईट बोलत नसे असा तो जवळजवळ एकमेव माणूस.

“काय म्हणतो तुझा नवा शेजारी?” त्याने केक चावत विचारलं.

“म्हणतो ठीक आहे.”

“फाटकाचं नीट सांगितलंस ना? यंदा माझ्या कालवडी आहेत, व्हर्ना. म्हाताऱ्या गाई मी काढून टाकल्या. आता जे काय आहे ते या पोरींवर.”

“सांगितलं म्हटलं ना एकदा! आता काय कोर्टात शपथ घेऊ?”

“तसं नाही गं. आणि हा केक त्याच्यासाठी केला होतास ना?”

“त्याच्यासाठी वेगळा केला,” व्हर्ना म्हणाली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

खोटं बोलल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पाणी चढताना टेकडीवरून सगळं दिसतं. ज्याला डोळे आहेत त्याला फाटक उघडायला आणखी काय सांगायचं? आणि ज्याला एवढंही कळत नाही त्याच्या दारात डबा घेऊन कशाला उभं राहायचं? असा तिचा हिशेब होता, आणि तो तिला अगदी चोख वाटत होता.

पहिल्या वादळात पांढरा पट्टा बुडाला नाही, पण दुसरं त्याच्या पाठोपाठ आलं. जमीन आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली. सकाळी नदी सुरूच्या झाडांच्या बुंध्यांत होती, जेवायच्या सुमारास झाडांच्या कमरेला लागली, आणि मग नेव्हिलचा फोन आला. पांढरा पट्टा गेला होता.

“निघूया?”

“मी केव्हाचीच तयार आहे. तूच बाईसारखा नटत बसला असशील.”

व्हर्नाच्या गाई पुढे. सगळ्यांत पुढे डचेस. ही म्हातारी गाय इतक्या पुरांत वर गेली होती की नुसतं दार उघडायचा अवकाश, ती आपणहून चालू पडली. मागून नेव्हिल आपल्या कालवडी हाकत आला. पोरवयाच्या त्या, कधी पूर न पाहिलेल्या, वाऱ्याने सुरूची फांदी कडाडली की सगळ्या एकदम दचकत. खोलगट जागेत पाणी आलेलं होतं, पण अजून खुरांएवढंच. व्हर्नाची गुरं ते तुडवत चढाला लागली. नेव्हिलच्या कालवडी खाली उतरल्या.

आणि डचेस थांबली. फाटक बंद होतं.

नुसतं बंद नाही. एरवी एक फेरा असलेल्या साखळीचे आज दोन फेरे, वर कुलूप. व्हर्ना गाईंच्या अंगांमधून वाट काढत पुढे आली, साखळी धरून हिसडली आणि डेस्मंड क्विल्टीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

फाटकापासून हाकेच्या अंतरावर त्याची शेड होती. आत दिवा जळत होता. एक आरोळी ठोकली असती तर काम झालं असतं. हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण ‘अहो, फाटक उघडता का?’ हे शब्द तिच्या आईने कधी उच्चारले नव्हते, बापाने उच्चारले नव्हते, आणि ते उच्चारायचे तर उच्चारायचे कोणासमोर? उंटाला कोट घालणाऱ्या बसवाल्यासमोर! तिने वाटेकडेचा दगड उचलला आणि कुलपावर घालायला लागली.

कुलूप नवं होतं. दगड फुटला. तिने दुसरा घेतला.

“का थांबलीस?” मागून वाऱ्यातून नेव्हिलचा आवाज आला.

“उघडतेय!”

“लवकर कर! इथे पाणी चढतंय!”

“आंधळी नाही मी!”

तिने कमरेची पक्कड काढून जाळी कापून पाहिली. कुत्र्यांसाठी केलेली ती जाळी, पक्कड नुसती घसरायची. मागच्या गाई पुढच्यांवर रेटू लागल्या. डचेस फाटकावर हनुवटी टेकून तिच्याकडे शांतपणे बघत होती, आणि व्हर्नाला त्या गाईचाही राग आला. अजून थोडा दम धर, तो बाहेर येईलच, आपणहून दिसेलच त्या गाढवाला, असं मनाशी म्हणत ती कुलूप ठोकत राहिली. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की शेडमध्ये बसलेल्या माणसाला दगडाचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं.

शेवटी नेव्हिल कालवडींना सोडून गाईंच्या मधून चढ चढत आला. कमरेपर्यंत भिजलेला, धापा टाकत.

“कुलूप? अगं, तू सांगितलं होतंस ना त्याला?”

“सांगितलं होतं. विसरला असेल. डोक्यात काय आहे त्याच्या, लोकर!”

नेव्हिलने दिव्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या दगडाकडे पाहिलं.

“हाक मारलीस?”

व्हर्नाने दगड पुन्हा कुलपावर घातला.

नेव्हिलने दोन्ही हात तोंडाशी धरले. “अहो डेस्मंड! डेस्मंड! फाटक उघडा!”

एकच हाक. शेडचं दार धाडकन उघडलं आणि डेस्मंड क्विल्टी डोक्यावर टॉवेल, पायात घरातल्या सपाता अशा थाटात चिखलातून पळत आला. किल्ली त्याच्या गळ्यातच होती, दोरीला बांधलेली. त्याने कुलूप काढलं, साखळी ओढून फेकून दिली, फाटक ढकललं. सगळं मिळून एक शिंक यायला लागेल तेवढा वेळ.

“या, या, आणा सगळ्यांना! अहो, कधीपासून उभे आहात? हाक मारायची ना! माझी जनावरं घाबरून पाण्याकडे पळतील म्हणून मी साखळी लावली. तुम्ही इकडे येणार हे मला काय ठाऊक?”

डचेस त्याच्या अंगाला घासून आत गेली. तिच्यामागे बाकीच्या.

“ठाऊक नव्हतं?” नेव्हिल म्हणाला. “पट्टा बुडाला की फाटक उघडं ठेवायचं, हे ठाऊक नव्हतं?”

“कसला पट्टा?” डेस्मंडने तोंडावरचं पाणी पुसलं. “मला सांगणार कोण हो? राहायला आल्यापासून वर कोणी फिरकलंच नाही. म्हणजे या बाई आल्या होत्या एकदा. गाडीतच बसल्या होत्या, मांडीवर डबा होता. मला इतका आनंद झाला! पळत जाऊन किटली ठेवली, दोन कप काढले, नवे होते ते धुतले. बाहेर येतो तर गाडी गेलेली. मी पॅमला फोनवर म्हटलंसुद्धा, माझं काय चुकलं कोण जाणे.”

हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. खरोखर काय चुकलं ते कोणीतरी सांगेल अशा आशेने तो दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याच्या त्या बावळट तोंडाकडे बघवेना म्हणून व्हर्नाने मान फिरवली, तर समोर नेव्हिल. तो तिच्याकडेच बघत होता. रागाने बघितलं असतं तर ती भांडली असती. भांडणात ती कोणाला हार जात नसे.

तेवढ्यात खालून हंबरणं ऐकू आलं.

मागे राखायला कोणी नाही, पुढे वाट बंद. कालवडींनी पोरवयाच्या गुरांनी करावं तेच केलं होतं. तोंडं वळवून त्या घराकडे निघाल्या होत्या, म्हणजे नदीकडे. खोलगट जागेत पाणी आता पोटाला लागत होतं आणि त्याला ओढ होती. नेव्हिल पळाला. त्याच्यामागे, कोणी न सांगता, डेस्मंड सपातांसकट पळाला. वाटेचं खालचं कुंपण कालवडींच्या वजनाने वाकलं, खांब उपटला, आणि एकामागून एक त्या पलीकडच्या तांबड्या पाण्यात गेल्या. माना वर धरून त्या पोहत होत्या, पण नदी त्यांना हवं तिकडे नेत होती. डेस्मंडने छातीएवढ्या पाण्यात उभं राहून एकीच्या गळ्याला मिठी मारली आणि ती काही सोडली नाही. दोघांनी मिळून तिला बाहेर ओढलं. ती एकच वाचली.

व्हर्ना फाटकात उभी होती. तिच्या सगळ्या गाई वर पोचल्या होत्या. एकीच्याही अंगावर ओरखडा नव्हता.

पाणी चढलेलं असेतो तिघांना टेकडीवरच राहावं लागलं. डेस्मंडने कोरडे कपडे दिले, टोस्ट भाजले आणि पुन्हा पुन्हा चहा केला. कप नवे होते, काठावर निळी फुलं असलेले. चहा पाणचट होता, पिशवी बुडवून लगेच काढलेला. एरवी व्हर्नाने तसं तोंडावर सांगितलं असतं. ती तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. नेव्हिल शेडच्या दारात पाठमोरा बसून होता, मांडीशी ती एक कालवड. डेस्मंडने अल्पाकाचा लाल कोट काढून तिच्या अंगावर टाकला होता.

“नेव्ह,” व्हर्ना एकदा म्हणाली.

“राहू दे, व्हर्ना.”

“मी म्हणते, माझ्या गाईंतल्या काही...”

“राहू दे म्हटलं ना.”

पाणी ओसरल्यावर सुरूच्या फांद्यांत अडकलेल्या कालवडी नेव्हिलने एकट्यानेच उतरवल्या. व्हर्ना ट्रॅक्टर घेऊन गेली तेव्हा त्याने हाताने नुसती खूण केली, नको म्हणून. टेकडीचं कुंपण नीट करायला सगळे खालचे लोक गेले. तीही गेली. सगळे तिच्याशी अगदी नीट बोलले, हातोडी दे, तार धर, एवढंच. दुपारी नेव्हिलने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला केक काढून डेस्मंडच्या हातात दिला. त्याने तो स्वतः केला होता. एका बाजूने करपलेला, मध्ये बसलेला, असा केक व्हर्नाने कुत्र्याला घातला नसता. डेस्मंड मात्र लहान मूल मिळाल्यासारखा दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात ऊन पडलं. व्हर्ना रस्त्याकडेला आपल्या टपालपेटीभोवतीचा गाळ फावड्याने उपसत होती. हा रस्ता, हा गाळ, पुन्हा हेच, असं पुटपुटत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिव्या घालायला काही निमित्त मिळेना म्हणून जास्तच चिडली होती. वळणावर गाडी वाजली. न बघताच तिने आवाज ओळखला. नेव्हिलची पिकअप. इतक्या वर्षांत ती गाडी या जागेवरून किती वेळा गेली असेल, आणि दर वेळी बोट वर झालं होतं.

तिने फावड्याच्या दांड्यावरून बोट उचललं.

नेव्हिलचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. नजर रस्त्यावर. दहाही बोटं जिथल्या तिथे. गाडी तिच्या अंगावरून गेल्यासारखी जवळून गेली आणि पुलाकडे वळली.

त्याच्या मागोमाग दुसरी गाडी होती. डेस्मंडची. मागच्या बाजूला एक अल्पाका कोट घालून उभी. व्हर्नाचं बोट अजून तसंच वर होतं, खाली घ्यायचं राहूनच गेलं होतं, आणि डेस्मंडने ते पाहिलं. त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्याने काच खाली केली, हॉर्न वाजवला, आणि सगळा हात खांद्यापर्यंत बाहेर काढून हलवत सुटला, वळण येईपर्यंत.

काय हा बावळटपणा, असं व्हर्नाच्या मनात आलंच. पण तिने बोट खाली घेतलं नाही. आता या रस्त्यावर तिच्यासाठी हात उचलणारं माणूस तेवढं एकच उरलं होतं.